‘घाटाखाली’, नोंद ९ : बेळगावात बसून राहणारे खेळाडू

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नकाशा झाला, आता फक्त तोल साधायचा उरलाय. त्या ‘फक्त’नं दीड महिना खाल्ला. पाऊस, दर संध्याकाळी जाणारी लाइट, उद्यमबागेतली दुसरी शिफ्ट, सगळं धरलं तरी जास्तच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ‘घाटाखाली’ हा पाळीपाळीनं खेळायचा डावपेचांचा गेम आहे. काळ सालाझारच्या हुकूमशाहीतल्या गोव्याचा. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली तिथं सुरू होतो, डिसेंबर १९६१ ला संपतो. एक पाळी म्हणजे एक महिना, एकूण १८७ पाळ्या. हातात पाच साध्या माणसांचा गट, बंदूक एकही नाही. गेम बनवायचं सॉफ्टवेअर गोदो इंजिन, आणि करणारा मी एकटा.

सीमेवरचा गेम करतोय म्हटलं की आमच्या बेळगावात पहिला प्रश्न ठरलेला : “कोणाच्या बाजूनं?” महाराष्ट्र-कर्नाटकाची सोडून दुसरीही एक सीमा होती, ती आपल्याच खानापूर तालुक्याला लागून होती आणि तिच्यापलीकडे पोर्तुगीज पोलीस होते, एवढं सांगेपर्यंत चहा गार होतो.

तर दुखणं काय होतं ते सांगतो. आवृत्ती ०.५ चौघांना खेळायला दिली : कामावरचे दोघे, शहापूरचा मावसभाऊ आणि निपाणीचा एक मित्र. चौघांनी एकमेकांना न विचारता तोच डाव टाकला. म्हापसा-मडगावात पत्रकं वाटायची, पोलिसांचं लक्ष वाढलं की अख्खा गट सीमेवरच्या कॅसल रॉक स्टेशनावरून बेळगावात आणायचा, तीन पाळ्या नुसतं ‘पुढे’ दाबायचं, लक्ष शून्यावर आलं की परत खाली उतरायचं. निपाणीकरानं तर एकही अटक न होता गेम संपवला. साडेपंधरा वर्षं हुकूमशाहीशी लढला आणि अंगावर ओरखडा नाही!

चूक माझीच. बेळगाव मी बिनपैशाची धर्मशाळा करून ठेवली होती. गोव्यातून हद्दपार झालेले, पळून आलेले कितीतरी कार्यकर्ते खरोखरच इकडे येऊन काम करत, म्हणून ते ठिकाण नकाशावर ठेवलं. पण तिथं जायला-यायला काय मोजावं लागतं, तो हिशेबच मांडला नव्हता.

पहिला उपाय म्हणून प्रवासाचा खर्च तिप्पट केला. खेळाडूंनी आधी चार पाळ्या वर्गणी गोळा केली, मग आरामात आले. दुसरा उपाय, नाक्यावर फासा : दहात तीन वेळा पकडले जाणार. हे सगळ्यांना मनापासून नकोसं झालं आणि त्यांचं बरोबर होतं. आपली काही चूक नसताना माणूस गेला की खेळाडू चिडतो, त्याला भीती वाटत नाही. मला तर भीतीच हवी होती.

मग सगळं बंद करून दोन आठवडे नुसता विचार केला. बर्लिनच्या पेंटबकेट गेम्सचा, हिटलरविरोधी गटावरचा ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ पुन्हा खेळलो. हिटलर चॅन्सेलर झाला ती तारीख ३० जानेवारी १९३३, आणि गेम त्यांनी आणला ३० जानेवारी २०२० ला. त्यात प्रत्येक आठवडा वर्तमानपत्राच्या मथळ्यांनी उघडतो, आणि गटाचं मनोबल शून्यावर आलं की डाव खलास. मथळे आणि मनोबल मी तिथूनच उचललेत, लपवत नाही. पण तो गट बर्लिनमध्येच असतो, त्यांना घाट चढून वर येण्याची सोय नाही. माझं कोडं मलाच सोडवायचं होतं.

सुटलं ते पदेरमुळे. माझ्या पात्रांमध्ये पदेर आहे, म्हणजे गोव्यात सकाळी दारोदार पाव घालणारा. पत्रकं पोचवायला त्याच्यासारखा माणूस नाही, कारण रोज प्रत्येक दारात जाणारा त्याच्याइतका दुसरा कोण? (त्या काळात छापायच्या प्रत्येक गोष्टीवर सेन्सॉर होता, लग्नपत्रिकासुद्धा आधी दाखवावी लागे. म्हणून गेममध्ये कागद मिळवणं हेच एक काम आहे.) आता हा पदेर तीन महिने बेळगावात येऊन बसला तर वाड्यावर काय होईल? दुसरा कोणीतरी पाव घालायला लागेल. लोक विचारतील, हा गेला कुठं? तो परतला की अर्ध्या वाड्याला वाटेल पोलिसांनी फोडला असणार. आणि मधल्या काळात शिपाई त्याच्या घरी चार चकरा मारून गेलेले असणार.

म्हणून ०.६ मध्ये दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक पात्राचा ‘भरवसा’ वेगळा मोजला जातो. माणूस सीमेपलीकडे असेल तर तो दर पाळीला ६ नं घटतो, आणि पन्नासच्या खाली गेला की तिथली दारं उघडत नाहीत. दुसरं म्हणजे पोलिसांचं लक्ष आता विरत नाही, ते घरच्यांवर सरकतं. पदेर बेळगावात कुंदा खातोय तेव्हा त्याच्या आईच्या नावापुढचा आकडा वाढत असतो. हे दिसतं फक्त त्याच्या घरावर बोट ठेवलं तर. मावसभावानं ते वीस पाळ्यांनंतर पाहिलं आणि रात्री साडेअकराला फोन केला.

आता पाळी १११. ऑगस्ट १९५५.

त्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही नि:शस्त्र आत शिरले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर भारत सरकारनं सत्याग्रह थांबवायला लावले, पणजीतला वकिलातीचा दरवाजा बंद झाला, लोंढ्याहून खाली जाणारी गाडी थांबली. गेममध्ये त्या पाळीला मी नकाशावरचे सगळे सीमेचे दुवे तोडून टाकतो. जो वर आहे तो वर, जो खाली आहे तो खाली. चौघांपैकी तिघांचे दोन-तीन गडी तेव्हा बेळगावात अडकले. “ही फसवणूक आहे,” म्हणाले. नाही. शंभराव्या पाळीपासून मथळ्यांत नाकेबंदीच्या बातम्या येतात. पेपर वाचायला गेममध्ये पैसे पडत नाहीत, तरी कोणी वाचत नाही.

इथंच एक किडा सापडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुवे तोडले की गोदोचा एस्टार, म्हणजे नकाशावर वाट शोधून देणारा भाग, रिकामा मार्ग परत देतो. रिकाम्या मार्गाचं काय करायचं हे मी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे ऐन प्रवासात असलेला पदेर दूधसागरच्या पुलावर १९५५ पासून १९६१ पर्यंत पावाची टोपली घेऊन उभा. आता तो निदान घाटाखालच्या कुळ्याला परततो.

सीमा बंद झाल्यावर वर अडकलेल्यांनी करायचं काय? याचं उत्तर इतिहासानंच तयार ठेवलंय. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्यासाठी गुप्त रेडिओ सुरू केला, आधी आंबोलीच्या जंगलातून, पुढे कॅसल रॉकहून. कोकणी आणि पोर्तुगीजमधून. म्हणजे पाळी ११४ पासून माणूस घाट उतरू शकत नाही, पण आवाज उतरतो. वरचा प्रत्येक गडी आता बातमी तयार करतो. खाली तिचा उपयोग व्हायचा तर कोणाच्या तरी घरी रेडिओ हवा, आणि ऐकताना शेजारी कोण आहे ते पाहायला हवं. खरी बातमी गेली की भरवसा चढतो, फुगवलेली गेली की दोन पाळ्या चढतो आणि मग धाडकन पडतो. या भागाचा तोल अजून कच्चा आहे. आवाजही नाही. खरखरीत शॉर्टवेव्हसारखं काही कोणाकडे असेल तर द्या, मी मिक्सर आणि टेबलफॅनवर भागवतोय.

शेवटाचं मात्र अडलंय. डिसेंबर १९६१ ला सैन्य आलं आणि छत्तीस तासांत सगळं उरकलं. खेळाडूनं १८६ पाळ्या कशाही खेळल्या तरी १८७ वी तीच. सध्या मी शेवटी फक्त एक यादी दाखवतो : कोण तुरुंगात, कोण लिस्बनला पाठवलेला, कोण घरी. गुण नाहीत. निपाणीकर म्हणतो, मग जिंकलो की हरलो कसं कळणार?

परवा लोंढ्याला आज्जाकडे गेलो होतो, तेव्हा लॅपटॉप त्याच्यापुढं ठेवला. गाडी बंद पडली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. “काय कराल्यास हे?” म्हणत बसला, पण बसला तो दोन तास. एकालाही कामावर पाठवलं नाही. पत्रक नाही, सभा नाही, भिंतीवर एक अक्षर नाही. पदेर रोज पाव घालतोय, मास्तर शाळेत जातोय. एकोणतिसाव्या पाळीला पडद्यावर आलं : मनोबल शून्य, गट फुटला.

आज्जानं चष्मा वर केला. “फुटला कसा? सगळे घरी हाईत की.”