सुर्खेतच्या शिवणवर्गाला जाताना: कर्णालीतल्या बायकांसोबत आमचं महिला मंडळ

नेपाळच्या कर्णाली प्रदेशात, सुर्खेतपासून दैलेखकडे जाऊ लागलं की अशी गावं लागतात जिथे पाळी आलेल्या बाईला अजून घरात झोपू देत नाहीत. गोठ्यात किंवा अंगणापलीकडच्या बुटक्या खोपटात रात्र काढायची. तिथे याला छाउपडी म्हणतात. आपल्याकडे गडचिरोलीतलं कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी, ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. थंडीत खोपटात शेकोटी पेटवून दार ओढून घेतल्यामुळे गुदमरून, किंवा साप चावून, मुली दगावल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच ही प्रथा बेकायदा ठरवली. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ३ महिने कैद किंवा ३,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरी खोपटी आहेतच. काही ठिकाणी ती पाडली गेली, तेव्हा बायकांना त्याहून वाईट आडोशाला झोपावं लागलं.

सुर्खेतमधल्या एका ख्रिस्ती मंडळीनं, म्हणजे चर्चनं, शिवण शिकवायला आणि पाळीचे कापडी पॅड करून दाखवायला बायका मागितल्या, म्हणून आम्ही गेलो. बोलावणं तिकडून आलं होतं आणि काय हवंय तेही त्यांनीच सांगितलं होतं. तुम्हीही असंच जा.

वाट अशी: कल्याणहून पुष्पक एक्सप्रेसनं लखनौ, तिथून बसनं बहराइचवरून रुपैडिहा. सीमा ओलांडली की नेपालगंज, पुढे कोहलपूर, मग घाट चढत छिन्चूवरून सुर्खेतचं वीरेंद्रनगर. व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवा, आधारवर विसंबू नका. पैसे शंभराच्या नोटांत न्या. आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १.६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतो. दसैं-तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी उरकल्यावरचे दिवस सगळ्यात बरे.

मशिनी मात्र इकडून नेऊ नका. सीमेवरचं भन्सार, म्हणजे जकात कार्यालय, मोठ्या सामानावर कर लावतं आणि त्यात दिवस जातो. पायमशीन नेपालगंजमध्ये मिळते, बिघडली तर सुटा भागही तिथेच मिळतो. आम्ही फक्त कात्र्या, इंची टेप, बॉबिन आणि फ्लॅनेलचे तुकडे नेले.

सीमेवर माइती नेपालसारख्या संस्थांच्या कार्यकर्त्या मुलींची विक्री रोखण्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींची चौकशी करतात. ही संस्था १९९३ ची. १९९६ मध्ये मुंबईतल्या वेश्यावस्त्यांवर छापे पडले, तेव्हा सुटलेल्या नेपाळी मुलींना परत नेण्यात तिचा मोठा वाटा होता. आपल्या शहराचं हे नातं विसरू नये. परतताना ‘आमच्या मुलीला मुंबईत काम लावा’ असं कुणी कितीही कळवळून म्हटलं तरी कुणालाही सोबत आणू नका.

वर्गात पहिल्यांदा आल्या त्या तरण्या सुना. बऱ्याच जणींचे नवरे कालापहाडला, म्हणजे भारतात, कामाला. एकीनं मोबाईलवर नवऱ्याचा फोटो दाखवला: निळा गणवेश, मागे इमारतीची पाटी, तीही मराठीत. लिपी आपलीच, त्यामुळे तिनं ती वाचूनही दाखवली. त्याच लिपीमुळे आम्ही फळ्यावर लिहिलेली मापं त्यांना समजत होती. चौबन्दी चोलो, म्हणजे तिकडची बंदांची चोळी, कसा कापायचा ते मात्र त्यांनी आम्हाला शिकवलं. आडवा पदर, चार बंद, आणि काखेतली कळी अशी बेतलेली की भारा उचलताना शिवण उसवत नाही.

पॅड शिवायला एक दुपार पुरते. खरा प्रश्न ते वाळवायचे कुठे हा आहे. कापड स्वच्छ राहायचं तर ऊन हवं, आणि दोरीवर कुणाला दिसेल म्हणून त्या ते गवताच्या गंजीमागे ओलसर ठेवत. या गोष्टीवर जितकं बोलणं झालं तितकं शिवणावरही झालं नाही. मार्ग काढला तो गावच्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविकेनं. नेपाळमध्ये १९८८ पासून या स्वयंसेविका आहेत, आपल्या आशाताईंसारख्या. तिनं आमा समूहाच्या, म्हणजे गावातल्या आयांच्या गटाच्या, बैठकीला सासवांना बोलावलं. एका सासूबाईंनी आधी देव कोपेल म्हणून ठाम नकार दिला, मग खोपटात काढलेल्या स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोलू लागल्या, आणि त्यानंतर बैठक आमच्या हातात राहिली नाही. तशीच व्हायला हवी होती. शेवटी ठरलं की धुण्याच्या दोरीवर वरून पातळ ओढणी टाकून पॅड उन्हात वाळवायचे. माझं ठाम मत आहे, सासू वर्गात नसेल तर सुनेला शिकवलेलं घरच्या उंबऱ्यापर्यंतच टिकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेपाळच्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ प्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करवणं किंवा त्याला उत्तेजन देणं गुन्हा आहे: ५ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपण परत येतो, खटला तिथल्या पाळकांच्या माथी बसतो. म्हणून पत्रकं न्यायची नाहीत, शिवणवर्गात प्रार्थना ठेवायची नाही, मशीन देताना मंडळीत येण्याची अट तर मुळीच नाही. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मशीन हवी म्हणून कुणी गुडघे टेकले तर त्यात ना प्रभूचा मान, ना त्या बाईचा. वर्ग घेण्याआधी स्थानिक बायकांसोबत वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन काय करणार ते सांगून ठेवा.

उपासना मंडळीत, शनिवारी. तिथे सुट्टी शनिवारची असते. चपला बाहेर, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, सगळे जमिनीवर, मादल या नेपाळी ढोलकीच्या ठेक्यावर भजनं. ‘जयमसीह’ म्हटलं की पुरे, बाकी भाषा हिंदीवर निभते.

खोपट्यांचे फोटो काढू नका, आत बाई असताना तर नाहीच. वर्गणी पाठवायची तर मंडळाच्या खात्यात, आणि हिशेब तिथल्या बायकांनी ठेवायचा. शिकवायला निवडलेल्या दोघींना वर्षभर मानधन मिळेल एवढी सोय निघण्याआधीच करा. जाण्या-येण्याच्या खर्चामुळे त्याला पैसे कमी पडत असतील तर एक तिकीट कमी काढा. सध्या त्यांनी मागितलंय ते एक ओव्हरलॉक मशीन आणि शाळेच्या गणवेशाचे कागदी बेत. पुढच्या तुकडीत गणवेश बेतता येणारी एक तरी बाई असू द्या.