आवाज न करणारा कॅमेरा, शाळकरी बॅडमिंटनसाठी: तिसरी नोंद, रीडआऊट मोजल्यावर

मुलांच्या सामन्यात खटका न करता फोटो काढणारा कॅमेरा शोधतोय. मागच्या दोन नोंदींत यादी होती अकरा कॅमेऱ्यांची. आता उरलेत तीन. बाकीचे गळाले ते आवाजामुळे नव्हे. सायलेंट मोड आज जवळजवळ प्रत्येक मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) आहे आणि तो चालू केला की कॅमेरा गप्प बसतोच. गळाले ते गप्प बसल्यावर काय करतात त्यामुळे: रॅकेट केळ्यासारखी वाकते, हॉलच्या भिंतीवर झेब्र्याचे पट्टे येतात.

कारण थोडक्यात असं. यांत्रिक शटर बंद केलं की सेन्सर एका दमात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत जो वेळ जातो तो रीडआऊट. शटर १/२००० ठेवलं तरी हा वेळ बदलत नाही. १/२००० म्हणजे प्रत्येक ओळीला मिळालेला उजेड, सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या असा त्याचा अर्थ नव्हे. दुकानात हे कोणी सांगत नाही. डब्यावर ‘सायलेंट, सेकंदाला अमुक फ्रेम’ एवढंच असतं.

आकड्यांत बघा. रॅकेटची लांबी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६८ सेंटिमीटर. फ्रेममध्ये ती उभी असेल आणि उंचीचा पाव भाग व्यापत असेल, तर ती वाचायला रीडआऊटचा पाव हिस्सा लागतो. रीडआऊट ६० मिलिसेकंद असेल तर १५ मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला २० मीटर वेगाने फिरणारं टोक ३० सेंटिमीटर पुढे जातं. म्हणजे मूठ एकीकडे, डोकं दुसरीकडे, मध्ये धनुष्य. तोच रीडआऊट ६ मिलिसेकंद असेल तर सरकणं ३ सेंटिमीटर, जे कुणाच्या लक्षातही येणार नाही. टेबल टेनिसमध्ये तर चेंडूच उघडं पाडतो: ४० मिलिमीटरचा गोळा मंद सेन्सरवर कललेलं अंडं होतो.

घरी मोजायची रीत

कंपन्या रीडआऊटचा आकडा सहसा छापत नाहीत. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब किंवा जुना चोकवाला ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. हेच आपलं घड्याळ.

पांढऱ्या भिंतीसमोर असा एकच दिवा लावा, खोलीतले बाकीचे बंद. दिवा लुकलुकतो की नाही ते आधी फोनच्या स्लो मोशनमध्ये बघून घ्या, कारण चांगल्या ड्रायव्हरचे बल्ब लुकलुकत नाहीत आणि मग चाचणी फुकट जाते. कॅमेरा सायलेंटवर, शटर १/२०००, लेन्स पूर्ण उघडी, फोकस मुद्दाम बिघडवलेला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) भिंत दिसेल इतका. फोटो काढा आणि आडव्या उजळ पट्ट्या मोजा. एक पूर्ण पट्टी, म्हणजे उजळ ते पुन्हा उजळ, १० मिलिसेकंदांची. साडेसहा पट्ट्या आल्या तर रीडआऊट ६५ मिलिसेकंद. दीड आली तर १५. पट्टीच पूर्ण होत नसेल, नुसतं वर उजळ आणि खाली मंद असा उतार दिसत असेल, तर १० च्या आत आहात. पाच-सहा फोटो काढून सरासरी घ्या.

दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, चाचणी सिंगल शॉटवर करतात आणि सामना बर्स्टवर, म्हणजे बोट दाबून धरून सलग, काढतात. काही कॅमेरे बर्स्टमध्ये छटांची नोंद १४ बिटवरून १२ बिटवर उतरवतात आणि रीडआऊट बदलतो, तेव्हा ज्या मोडमध्ये वापरणार त्यातच मोजा. दुसरं, कॅमेरा उभा धरून मोजताना पट्ट्या उभ्या दिसल्या की गोंधळतात. वाचन कायम सेन्सरच्या आखूड बाजूने होतं, त्यामुळे उभ्या फ्रेममध्ये ते डावी-उजवीकडे चालतं. तिथे रॅकेट वाकत नाही, वाचनाच्या दिशेने जाणारी वस्तू ताणली जाते आणि उलट जाणारी आक्रसते. एकट्या खेळाडूची उभी फ्रेम म्हणूनच कधीकधी मंद सेन्सरवरही खपून जाते.

कोण कुठे बसतं

ढोबळ आकडे देतोय, मोडप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील. सोनी ए७ आयव्ही साधारण १/१५ सेकंद, निकॉन झेड६ साधारण १/२०, कॅनन आर७ साधारण १/३०. ही मंद मंडळी. मधल्या रांगेत कॅनन आर६ मार्क टू, तोच सेन्सर असलेला आर८ आणि निकॉन झेड६ थ्री, १/६० ते १/७० च्या आसपास. त्यावर ओएम-१ साधारण १/१२५, फुजी एक्स-एच२एस साधारण १/१५०, सोनी ए९ साधारण १/१६०. त्याच्याही वर निकॉन झेड८ आणि झेड९, साधारण १/२७०. या दोघांत यांत्रिक शटर बसवलेलंच नाही, कारण गरजच उरली नाही. टोकाला २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री: ग्लोबल शटर, सगळ्या ओळी एकदम, वाकण्याचा प्रश्नच मिटला. त्याचा मूळ आयएसओ २५० आहे आणि किंमत अशी की मुलाच्या क्लबची वर्षाची फी हिशोबातच धरायला नको.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिससाठी मर्यादा आम्ही १० मिलिसेकंदांवर, म्हणजे १/१०० सेकंदावर, ठेवली. १५ वाला कॅमेरा चालतो, पण स्मॅशच्या ऐन क्षणाचे फोटो निवडताना चाळणी लावावी लागते. ३० च्या वर असेल तर सायलेंट मोड विसरा.

आता उलट बाजू, आणि ती महत्त्वाची आहे. मूल बुद्धिबळ खेळत असेल किंवा १० मीटर एअर रायफल मारत असेल, तर स्टॅक्ड, म्हणजे झपाट्याने वाचल्या जाणाऱ्या, सेन्सरवर एक रुपयाही जास्त घालू नका. तिथे शांतता सगळ्यात जास्त लागते आणि हालचाल सगळ्यात कमी असते. ए७ आयव्ही काय, जुना झेड६ काय, ६५ मिलिसेकंद लागले तरी बिघडत नाही, नेमबाज हलत नाही आणि वजीर तर नाहीच नाही. पुरलेल्या मल्लखांबावर स्थिर आसनाचे फोटो याच कॅमेऱ्यांनी सायलेंटवर निर्धास्त काढा, फक्त उडी मारून उतरताना यांत्रिक शटरवर या. कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांत आवाजाची चिंता करणारा माणूस त्या मैदानावर कधी गेलेला नसतो. तिथे खटाखट यांत्रिक शटर.

उन्हातल्या टेनिसला वेगळी वाट आहे: सोनी आरएक्स१० आयव्ही. एक इंची स्टॅक्ड सेन्सर, २४–६०० मिलिमीटरइतकी झूम, लेन्समध्येच बसवलेलं शटर जे जेमतेम ‘टिक’ करतं. सर्व्हिसच्या शांततेत तेवढं चालून जातं. हॉलमध्ये मात्र हा नको. झूम वाढवली की लेन्स एफ ४ वर जाते (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी) आणि एवढ्याशा सेन्सरला आयएसओ १२८०० झेपत नाही.

जुन्या डीएसएलआरच्या ‘क्वाएट’ मोडबद्दल विचारणा होते म्हणून: आरसा हळू फिरवून आवाज मऊ केला जातो, जात नाही. वेगही पडतो, कॅनन ६डीमध्ये सेकंदाला ३ फ्रेमपर्यंत. त्यापेक्षा मिररलेसचं इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन बरं, म्हणजे शटरचा पहिला पडदा न हलवता सेन्सरनेच सुरुवात करायची. पहिला खटका जातो, दुसरा राहतो. मात्र एफ १.८ वर १/२००० च्या पुढे गेलात तर मागच्या धूसर दिव्यांचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसतात.

हॉलचा उजेड

हा भाग सगळ्यात चिवट. उजेड मोजायला साधा लक्समीटर पुरतो. तो खेळाडूच्या छातीच्या उंचीवर, कोर्टाकडे तोंड करून धरा, छताकडे नव्हे. ३०० लक्सला एफ २.८, १/१०००, आयएसओ ६४००. एफ १.८ ची लेन्स असेल तर आयएसओ २५०० च्या जवळपास भागतं. जुन्या शाळांच्या हॉलमध्ये १५० लक्स आले तर एफ २.८ वर सरळ १२८००. एफ ४ ची लेन्स घेऊन हॉलमध्ये जाऊ नका, त्या पैशांत ८५ मिलिमीटर एफ १.८ येते. फुलफ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर) ती ८ मीटरवर साधारण ३.४ बाय २.३ मीटरचं चित्र देते: एक खेळाडू, उडीसकट. कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला, १२ मीटरच्या आसपास, १३५ मिलिमीटर तितकंच चित्र देते.

लुकलुक मात्र वेगवान सेन्सरलाही सोडत नाही. ६ मिलिसेकंदांचा रीडआऊट १० मिलिसेकंदांच्या फेऱ्यात मावतो, त्यामुळे पट्टे दिसत नाहीत, पण एक फोटो पूर्ण उजळ, दुसरा वरून खाली मंद होत गेलेला आणि तिसरा पिवळट असं होतं. पहिल्या ए९ मध्ये यावर उपाय करणारी अँटी-फ्लिकर सोय नाही. ए९ टू मध्ये आली, तीही यांत्रिक शटरपुरती. म्हणजे शांतता आणि लुकलुकीपासून सुटका यांतलं एक निवडा, असा मामला.

बर्स्टमधली एक गंमत इथे समजून घ्या. सेकंदाला २० फ्रेम म्हणजे दर फ्रेममागे उजेडाचे बरोबर ५ फेरे. त्यामुळे प्रत्येक फ्रेम फेऱ्याच्या त्याच जागी पडते, आणि अख्खा बर्स्ट एकसारखा चांगला किंवा एकसारखा वाईट निघतो. विजेची वारंवारता जराशी हलते म्हणून लांब बर्स्टमध्ये तो हळूहळू सरकतो, एवढंच. १० फ्रेमचंही तेच. १२ फ्रेमवर फेरे ८ आणि एक तृतीयांश होतात, मग दर तीन फोटोंत तीन वेगवेगळ्या छटा येतात, पण त्यांतला एखादा तरी बरा असतो. तेव्हा २० वर काढत असाल तर एकच लांब बर्स्ट नको. बोट उचला, पुन्हा दाबा.

बाकी उपाय साधे. दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडलेले असतील तर एकाची मंदी दुसरा भरून काढतो, म्हणून मधलं कोर्ट बरेचदा कडेच्यापेक्षा बरं निघतं. सराव चालू असताना प्रत्येक कोर्टावर १/१००० ने दहा-दहा फोटो काढून बघा. पट्टे बारीक आणि दाट असतील तर ती ५० हर्ट्झची लुकलुक नाही, डिमर लावलेल्या एलईडीची किंवा जाहिरातीच्या स्क्रीनची आहे. त्यावर शटर बारीक पायऱ्यांनी सरकवता येणारे नवे कॅमेरे उपयोगी पडतात: व्ह्यूफाइंडरमध्ये बघत चक्र फिरवायचं, पट्टे विरले की थांबायचं. फ्लॅशचा विचारही नको. शटलवर नजर लावलेल्या पोरीच्या डोळ्यांत तो जातो.

शटर गप्प, बाकीचे बोलतात

फोकसची बीप बंद. फोकसचा मदतीचा लाल दिवा बंद. कृत्रिम शटर आवाज शून्यावर. झेड८-झेड९ मध्ये तो असतो. काही लेन्सच्या आतली, उजेड कमी-जास्त करणारी पाती बर्स्टमध्ये किरकिर करतात, लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढलं की ती किरकिर थांबते. पट्ट्याच्या धातूच्या कड्यांवर कापडी टेप. आणि बॅगेचं वेल्क्रो! सर्व्हिसच्या वेळी ते फाडलं की पंचांसकट सगळा हॉल वळून बघतो. सामना सुरू होण्याआधीच बॅग उघडी ठेवा.

कॅमेरा पूर्ण गप्प झाला की नवी अडचण येते: फोटो निघतोय की नाही हेच कळत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमची चौकट लुकलुकवणारी सूचना चालू करा, नाहीतर बोट दाबून ठेवलेलं राहतं आणि एका गेममध्ये दोन हजार फोटो जमतात.

आत्ताची स्थिती

उरलेले तीन: वापरलेला सोनी ए९, ओएम-१, कॅनन आर८. आर८ स्वस्त आणि हलका, पण १५ मिलिसेकंदांच्या काठावर. ओएम-१ चा सेन्सर लहान, १५० लक्सच्या हॉलमध्ये मार खातो, एफ १.८ ची ७५ मिलिमीटर लावली तर सुधारतो. कल ए९ कडे आहे. २०१७ चा असला तरी मार्च २०१९ च्या ५.० फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) त्याचं फोकस ट्रॅकिंग पार बदललं, तेव्हा घेताना आधी ती आवृत्ती तपासा. शटर काउंटवर (शटर किती वेळा उडालं त्या आकड्यावर) विसंबू नका, सायलेंटवर काढलेले फोटो सगळीकडे मोजले जात नाहीत. त्याऐवजी हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच), जॉयस्टिक, बॅटरीच्या दाराचा खिळखिळेपणा आणि एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. दोन कार्ड खाचांपैकी पहिलीच यूएचएस-टू, म्हणजे वेगवान कार्डांची, आहे. दोन्हींत एकदम लिहायला लावलं तर बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी थांबतात ती जागा) रिकामा व्हायला दुसरीमुळे वेळ लागतो, म्हणून सामन्यात रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइल, फक्त पहिलीत. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर २० ऐवजी १५ फ्रेम मिळतात, आणि वरच्या हिशोबाने १०० ला १५ ने भागलं की फेरे पूर्ण येत नाहीत. लुकलुकणाऱ्या हॉलमध्ये ही उणीव उलट फायद्याची पडेल असं गणित सांगतं. पुढची चाचणी तीच, ८५ मिलिमीटर लावून, कडेच्या कोर्टावर.