भिंगुट्या चिरवाटेवरून कोठे गेला?

‘भिंगुट्या खुरडवेळी चिरवाटेवरून लोंढाळ्याला गेला आणि तेथे त्याने तीन मोकट्या वेचल्या.’ या वाक्यातली सगळी नामे मी शाळेच्या ग्रंथालयात बसून मनाने रचली आहेत, त्यामुळे शब्दकोश चाळण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत. गेल्या वर्षी सातवीच्या घटक चाचणीच्या आदल्या दिवशी हे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि भिंगुट्या कोणत्या वेळी गेला, कोठून गेला, कोठे गेला व त्याने काय वेचले, असे चार प्रश्न विचारले. जवळजवळ सगळ्या वर्गाने चारही उत्तरे बरोबर लिहिली. एका मुलीने मात्र वही बाजूला सारून ‘सर, मोकटी म्हणजे काय?’ असे विचारले. माझ्या मते त्या दिवशीचे पैकीच्या पैकी गुण तिचेच होते.

यात मुलांची लबाडी नव्हती, दोष प्रश्नांचा होता. मराठीत नामाला लागलेला प्रत्ययच उत्तराकडे बोट दाखवतो. ‘कोठून’ विचारले की ‘वरून’ शोधायचे, ‘कोठे’ विचारले की ‘ला’ शोधायचा आणि सापडलेला शब्द उचलून लिहायचा, हे तंत्र मुलांना तिसरी-चौथीतच अवगत होते. अपठित उताऱ्यावरचे माझे अनेक वर्षांचे प्रश्न मी त्यानंतर काढून पाहिले, तेव्हा आकलनाच्या नावाखाली मी बहुतेक वेळा प्रत्यय ओळखण्याचीच परीक्षा घेत आलो होतो, हे कबूल करावे लागले.

आता प्रश्न काढताना उत्तर उताऱ्यातून जसेच्या तसे उचलता येणार नाही, याची मी काळजी घेतो. उदाहरणार्थ, उताऱ्यात असे वाक्य होते: ‘आभाळ काळवंडले तशी आजोबांनी अंगणात पसरलेली मिरची भराभर गोळा करायला घेतली आणि सुनेलाही हाक मारली.’ पूर्वी मी ‘आजोबांनी काय गोळा केले?’ असे विचारले असते. या वेळी ‘आजोबांना कशाची धास्ती वाटली असावी?’ असे विचारले. ‘पाऊस’ हा शब्द संपूर्ण उताऱ्यात कोठेही नव्हता. काही मुलांनी ‘आजोबांना सुनेची धास्ती वाटली’ असे लिहिले, त्यावर शिक्षकखोलीत बराच हशा पिकला. पण ती मुले वाक्यातली शेवटची व्यक्ती उचलून लिहितात, हे त्यामुळेच मला नेमके कळले. सगळेच प्रश्न असे असावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीचे एक-दोन प्रश्न सोपे ठेवल्याशिवाय कच्च्या मुलाचा हात लिहिता होत नाही. संविधान तक्ता, म्हणजे कशावर किती आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारायचे याचा आराखडा, आधी करून मगच प्रश्न काढावेत, ही अध्यापक विद्यालयात शिकवलेली आणि नोकरीत सर्वांनी विसरलेली शिस्त येथे खरोखर उपयोगी पडते.

श्रवणाच्या चाचणीत माझी चूक वेगळी होती. उतारा वाचून दाखवायचा आणि मुलांनी उत्तरे लिहायची, ही आमची रीत. त्यात ऐकलेले समजले असूनही लिहिता न येणारा मुलगा नापास होतो आणि गुणपत्रकावर मात्र ‘श्रवण कच्चे’ अशी नोंद होते. म्हणून मी गावाचा साधा नकाशा काढून त्याच्या प्रती वाटल्या आणि सूचना एकदाच वाचल्या: एसटी थांब्यावर उतरून मारुतीच्या देवळाकडे पाठ करून सरळ चालावे, पिठाच्या गिरणीनंतरच्या दुसऱ्या बोळात डावीकडे वळावे, हापशासमोरच्या घरावर खूण करावी. लिहायचे काहीच नव्हते, पेन्सिलीने फक्त रेघ ओढायची होती. अनेकांची रेघ पहिल्याच बोळात वळली. त्यांनी ‘गिरणी’ ऐकली, ‘डावीकडे’ ऐकले आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द हातून निसटला. लेखी उत्तरांत नेहमी दहापैकी तीनच गुण मिळवणाऱ्या एका मुलाची रेघ मात्र थेट हापशासमोर जाऊन थांबली होती.

भाषणकौशल्याचे दुखणे जुने आहे. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण, म्हणजे तोंडी परीक्षेसारख्या कामाचे शाळेनेच द्यायचे गुण, काढून टाकण्यात आले, मार्च २०१९ चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदललेला होता, त्यामुळे सगळे खापर एकाच निर्णयावर फोडता येणार नाही. परंतु त्या वेळच्या चर्चेत तोंडी परीक्षेत आपण मोजतो तरी काय, हा प्रश्न मला फारसा ऐकू आला नाही. पाठ केलेला ‘माझा आवडता सण’ म्हणून दाखवणे हे स्मरण आहे, भाषण नव्हे.

माझ्या वर्गात ४२ मुले आहेत. प्रत्येकाला तीन मिनिटे दिली तर १२६ मिनिटे, म्हणजे जवळपास चार तासिका लागतात. म्हणून मी जोड्या लावतो. दोघांना थोडा फरक असलेली एकाच बाजाराची दोन चित्रे देतो आणि एकमेकांचे चित्र न पाहता, केवळ बोलून फरक शोधायला सांगतो. आमची शाळा खानदेशातली, तेव्हा ‘मना चित्रमा’ अशी अहिराणी मधूनच येतेच. चाचणी माहिती नेमकी पोहोचवण्याची असेल, तर त्याबद्दल मी गुण कापत नाही. मुख्याध्यापकांना अर्ज तोंडी सांगण्याची चाचणी असते, तेव्हा प्रमाण भाषेचा निकष मी फळ्यावर आधीच लिहून ठेवतो. निकष चाचणीनंतर ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

लेखनातही तोच घोळ आहे. पत्रातला आशय, मांडणी आणि ह्रस्व-दीर्घ यांचे गुण वेगळे न ठेवल्यास एका वेलांटीपायी चांगले पत्र दोनदा मार खाते. काही पत्रे मी आठ दिवसांनी, आधीचे गुण झाकून, पुन्हा तपासली, तेव्हा पाचपैकी दोन गुणांपर्यंत फरक निघाला. गुणदानाचे निकष लिहून काढल्यापासून तो एका गुणावर आला आहे, मिटलेला नाही.

या सत्राची श्रवण चाचणी म्हणजे बसस्थानकावरची उद्घोषणा आहे. मुलांना माझ्या आवाजाची सवय झाल्यामुळे ती शिपाईमामांकडून मोबाइलवर बोलून घेतली आहे. त्यांनी मजकुरात नसलेले ‘लवकर बसा, गाडी सुटतेय’ हे वाक्य स्वतःच्या पदरचे घातले. ते मी तसेच ठेवले असून त्यावर एक प्रश्नही काढला आहे.