पाच स्टार

सकाळी साडेदहाला रिसेप्शनवरून फोन आला. "मॅडम, एक काका आलेत. इंटरनेटवर उत्तरं लिहिणाऱ्या बाईंना भेटायचंय म्हणतायत." ती बाई मीच. कर्वे रस्त्याच्या परिसरातल्या एका हॉस्पिटलचं जनसंपर्काचं काम मी नऊ वर्षं बघते.

काका पन्नाशीचे. शाळेची व्हॅन चालवतात, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमधली मुलं ने-आण करतात. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. काचेला आडवा तडा गेलेला, त्याखाली एक स्क्रीनशॉट. वर त्यांचं पूर्ण नाव आणि पिवळ्या व्हॅनला टेकून काढलेला फोटो. खाली पाच स्टार, शब्द एकही नाही. आणि त्याखाली आमचं उत्तर: "नमस्कार. व्यसनमुक्तीच्या तुमच्या प्रवासात आम्हाला साथ देता आली, याचा आनंद आहे. पुढच्या फॉलोअपसाठी अवश्य या."

तो मजकूर माझा होता, शब्द न् शब्द.

"मी काही लिहिलंच नाही हो मॅडम," ते म्हणाले. "फोननंच विचारलं, कसं वाटलं म्हणून. मी पाच चांदण्या दाबल्या. मला वाटलं, डॉक्टरांना कळेल, बरं वाटेल त्यांना."

हे कसं होतं ते बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. काकांच्या व्हॅनमध्ये मॅप दिवसभर चालू असतो. फोन काही वेळ एका जागी थांबला की गूगल त्या जागेचं नाव घालून विचारतं, इथला अनुभव कसा होता? स्टार दाबले की ते तुमच्या नावानं आणि फोटोसकट जाहीर होतात. व्हॅनमधल्या एका मुलाची आई आमच्या पार्किंगची माहिती शोधत होती, तिला ते दिसलं. स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर गेला. आठवड्याभरात तीन मुलं व्हॅनमधून गेली. काकांनी दारू सोडून आठ महिने झाले होते. आठ महिन्यांपूर्वी हेच पालक त्यांच्या भरवशावर मुलं पाठवत होते, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. उपचार घेतल्यावर मात्र माणूस संशयित ठरला. याचा मला अजून संताप येतो.

पण पालकांवर रागावून माझी सुटका होत नाही. स्टार नुसत्या हॉस्पिटलच्या नावावर असते तर काका कुणाला भेटायला आले, रक्त तपासायला आले, काहीही असू शकलं असतं. ते स्टार होते आमच्या व्यसनमुक्ती विभागाच्या पिनवर, म्हणजे गूगल मॅपवरच्या त्या विभागाच्या वेगळ्या खुणेवर. दोन वर्षांपूर्वी आमच्या जाहिरात एजन्सीनं सुचवलं होतं, एका पिनवर भागत नाही, प्रत्येक विभागाची वेगळी पिन करा. मग कुणी 'जवळचं वंध्यत्व केंद्र' किंवा 'जवळचा मानसोपचारतज्ज्ञ' शोधलं की आपण वर येतो. गूगल विभागांना वेगळी पिन देतंही. आम्ही सहा केल्या. कॉल वाढले, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पिनच्या नावातच निदान लिहिलंय, हे त्या बैठकीत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्यावर माझं उत्तर. नुसत्या स्टारवरून शंका घेता आली असती, आमच्या उत्तरानं शिक्का मारला.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकार त्याच्या व्याख्येत येतात. कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि कलम २४ सांगतं की डिजिटल स्वरूपातल्या माहितीलाही तो लागू आहे. आमचे समुपदेशक हे काटेकोर पाळतात. घरी फोन करताना हॉस्पिटलचं नावसुद्धा घेत नाहीत, केसपेपर टेबलावर उलटा ठेवतात. आणि दोन मजले वर मी चोवीस तासांत प्रत्येक रिव्ह्यूला 'वैयक्तिक वाटेल असं' उत्तर द्यायचा नियम पाळत होते.

त्याच दुपारच्या बैठकीत मी अमेरिकेतलं उदाहरण दिलं. २०१९ मध्ये डॅलसच्या एका दंतवैद्यक संस्थेला रिव्ह्यूच्या उत्तरात रुग्णाचं आडनाव आणि आजाराचा तपशील लिहिल्याबद्दल १०,००० डॉलर भरावे लागले होते. वरिष्ठ म्हणाले, "आपण कुठं नाव लिहिलंय? नाव त्यांनीच टाकलंय." पुढे म्हणाले, "पुण्यात व्यसनमुक्तीची लाज कुणाला राहिलीय आता?" मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून इथं आहे, तिथून बाहेर पडलेली माणसं व्यासपीठावर उभी राहून स्वतःची कहाणी सांगतात, हे खरंच आहे. पण ती स्वतः सांगतात, तयारी झाल्यावर, आपल्या शब्दांत. काकांना ती वेळ मिळाली नाही. सांगायचं की नाही हे आम्ही ठरवून टाकलं.

काका समोर असतानाच मी आमचं उत्तर काढून टाकलं होतं. त्यांचे स्टार मात्र आम्हाला काढता येत नाहीत, ज्याचे त्यालाच काढावे लागतात. त्यांच्या फोनवर कोपऱ्यातला फोटो, मग योगदानं, मग रिव्ह्यू, मग तीन टिंबं. शेवटच्या बटणावर त्यांचं बोट थांबलं. "डॉक्टरांना वाईट नाही ना वाटणार?" मी नाही म्हटलं. मग गूगलची टाइमलाइन, म्हणजे फोन कुठं कुठं गेला याची नोंद, बंद केली. ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटचं काही करता आलं नाही.

पिनचं काम अजून चिघळलंय. नुसतं 'कायमचं बंद' केलं तर उद्या कुणी धीर करून निघालेला माणूस ती पाटी बघून परत फिरेल. आमचं खातं तिच्यावरून काढलं तरी पिन नकाशावर राहतेच. नाव बदलायचं तर दारावरच्या बोर्डाशी जुळायला हवं, म्हणजे आधी बोर्ड बदला. 'बाह्यरुग्ण विभाग, दुसरा मजला' अशा बोर्डाची फाइल तीन आठवडे सहीसाठी पडून आहे.

त्या रात्री मी विभागाचे सगळे रिव्ह्यू उघडले. माझी उत्तरं एकेक करून काढली, एकतीस निघाली. 'तुमच्या उपचारांच्या काळात', 'तुमच्या कुटुंबाच्या धीराला सलाम', 'तुम्ही जिंकलात'. प्रत्येक ओळ मनापासून लिहिलेली होती.

त्या एकतीस जणांना सांगायला हवं की तुमचे स्टार अजून तिथं दिसतायत, काढून घ्या. रिव्ह्यूवर फक्त नाव असतं, नंबर नसतो. नंबर हवा तर ती नावं विभागाच्या रजिस्टरमध्ये शोधावी लागतील, आणि त्या रजिस्टरला हात लावायचा मला अधिकार नाही. समुपदेशक ताईंना विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फॉलोअपला येतील त्यांना मी सांगेन. जे यायचे थांबलेत, त्यांच्या घरी फोन कुणी उचलला तर काय बोलू?"

गेल्या आठवड्यापर्यंत त्यांतले नऊ जण येऊन गेले.