तुम्ही विचारलंत म्हणून: लिंक्डइनवर खरंच नोकरी मिळते का?

चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी भरतीचं काम बघते. त्यामुळे लग्नकार्य असो की सोसायटीची मीटिंग, कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच: "मॅडम, आमच्या मुलानं लिंक्डइनवर प्रोफाइल केलंय, पाचशेच्या वर कनेक्शन झालीत, रोज अप्लाय करतो, पण साधा फोन येत नाही. याचा खरंच काही उपयोग असतो का?"

असतो, पण मुलगा दार चुकीचं ठोठावतोय. 'अप्लाय'चं बटण सगळ्यांच्याच हाताशी असतं. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात आणि त्यातला प्रत्येक अर्ज सावकाश वाचणं माझ्यासारखीला कितीही वाटलं तरी जमत नाही. या साइटची खरी ताकद वेगळीच आहे. ज्यांना तुम्ही ओळखता, पण ज्यांच्याशी रोजचं बोलणं नाही, अशी माणसं तिथे सापडतात आणि हरवत नाहीत.

याचा अभ्यास लिंक्डइनच्या कितीतरी आधी झालाय. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरदारांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली, तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? 1973 सालच्या त्याच्या निबंधात आकडे आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना वरचेवर भेटणाऱ्याकडून खबर मिळाली होती. 56 टक्क्यांच्या आसपास लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि 28 टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं, ते तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. त्यात अगदी अनोळखीही नाहीत आणि अगदी जवळचेही नाहीत, अशा मधल्या ओळखी सर्वांत कामाच्या ठरल्या. पण त्यातलीच एक गोष्ट मी आवर्जून सांगते. ज्या उद्योगांत संगणकावरचं काम जास्त, तिथे या दूरच्या ओळखी चालल्या. जिथे ते कमी, तिथे जवळच्याच ओळखी जास्त उपयोगी पडल्या. चाकण-भोसरीत मला हेच दिसतं. सॉफ्टवेअरवाल्या मुलीला लिंक्डइनवरून तिनं कधी न पाहिलेली टीम सापडते. व्हीएमसी, म्हणजे धातू कापून सुट्या भागांना आकार देणारं मशीन चालवणाऱ्या मुलानं मात्र आधी जुन्या सुपरवायझरला फोन लावावा. त्याला कुणी 'आधी प्रोफाइल चकाचक कर' असं सांगितलं, तर ते त्याच्या भल्याचं नाही.

आता मेसेजबद्दल. माझ्या मते सगळं इथेच अडतं. मला येणारे बहुतेक मेसेज एकाच साच्यातले असतात: 'सर/मॅडम, जॉब चेंज बघतोय, काही असेल तर कळवा', आणि खाली रेझ्युमे. याला उत्तर काय देणार? जागा आहे की नाही, कुठली, कुणासाठी, हे सगळं मीच शोधायचं. त्यापेक्षा हा मेसेज वाचा:

'नमस्कार सर, 2019 साली तुम्ही आमच्या भोसरीच्या प्लांटला सप्लायर ऑडिटसाठी आला होतात, तेव्हा सीएमएमवर मी होतो. त्यानंतर ॲल्युमिनियम कास्टिंगची तपासणी आणि पीपीएपीची कागदपत्रं हेच काम करतोय. आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर हाउसिंगकडे वळायचा विचार आहे. तुमच्याकडे त्या कामाला आणखी काय यावं लागतं, हे दहा मिनिटं फोनवर विचारलं तर चालेल का? शनिवारी दुपारी मी मोकळा आहे.'

पहिल्याच वाक्यात ऑडिटरला तो माणूस आठवतो. मग काम कळतं, तेही कामाच्या भाषेत: सीएमएम म्हणजे सुट्या भागांची मापं अचूक तपासणारं मशीन, आणि पीपीएपी म्हणजे भाग ग्राहकाला हवा तसाच बनतोय हे आधी दाखवून द्यायची रीत. आणि विचारलंय ते एवढंसं, की 'हो' म्हणायला जड जात नाही. नोकरी मागितलेलीच नाही. पण त्या दहा मिनिटांत ऑडिटर स्वतःहून म्हणतो, 'आमच्याकडे नाही, पण रांजणगावला एक जण शोधतायत, नंबर देतो.' कनेक्शन मागताना सोबत जी चिठ्ठी जोडता येते, तिला अक्षरांची मर्यादा असते. तिथे फक्त ओळख पटेल एवढंच लिहावं, बाकीचं नंतर. आणि मेसेज मराठी माणसाला असेल, तर बिनधास्त मराठीत लिहा. ओढूनताणून आणलेल्या इंग्रजीपेक्षा तो लवकर वाचला जातो.

आपल्याकडे पुष्कळ जणांचा पाय अडकतो तो संकोचात. 'त्यांना कशाला त्रास द्यायचा', 'वशिल्यानं चिकटला असं म्हणतील', हे मी चांगल्या हुशार मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय, आणि ऐकताना जीव तुटतो. कुठे जागा आहे, कामाला काय लागतं, हे विचारण्यात वशिला कुठे आला? मुलाखत तुम्हीच देणार, टेस्ट तुम्हीच देणार. ज्यांच्या घरात आधीपासून मॅनेजर-इंजिनियर आहेत, त्यांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. सांगलीहून डिप्लोमा करून आलेल्या मुलाला ती विचारूनच मिळवावी लागते. त्यानं संकोच केला, तर तोटा त्याचाच आहे.

प्रोफाइलबद्दल थोडक्यात सांगते. नावाखालच्या ओळीत 220 अक्षरं बसतात आणि आम्ही शोध घेतो तो हुद्दा, कौशल्य, गाव आणि अनुभव टाकून. 'पॅशनेट', 'डायनॅमिक' असे शब्द टाकून मी आजवर कुणालाही शोधलेलं नाही. 'क्वालिटी इंजिनियर, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग, सीएमएम, पीपीएपी, पुणे' एवढं पुरे. गावाच्या जागी नुसतं 'भारत' ठेवलं, तर पुण्याचा फिल्टर लावल्यावर तुम्ही मला दिसणारच नाही. नोकरी शोधताय हे फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशीही सोय आहे. तुमच्या सध्याच्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही, हे लक्षात घेऊनच ती वापरा. अकाउंट मात्र स्वतःच्या खाजगी ईमेलवर असू द्या. कंपनीचा ईमेल राजीनाम्याच्या संध्याकाळी बंद होतो.

मध्ये खंड पडलेल्या बायका मला सगळ्यात काळजीनं विचारतात. माझी एक मैत्रीण औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण, आणि काही वर्षं घरातच गेली. प्रोफाइलवर ती रिकामी वर्षं दिसू नयेत म्हणून ती तारखाच काढायला निघाली होती. 2022 पासून लिंक्डइनवर करिअरमधला खंड रीतसर नोंदवता येतो, मूल, घरच्यांची शुश्रूषा अशी कारणंही देता येतात. तिनं ते स्वच्छ लिहिलं, आणि खाली एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, कोणती कामं केली होती ते. मग लॅबमधल्या जुन्या सहकाऱ्यांना शोधलं. त्यातली एक आता दुसऱ्या कंपनीत टीम सांभाळत होती. तिनं सांगितलं, खंडाचं आम्ही बघून घेऊ, पण डेटा इंटिग्रिटीचे, म्हणजे चाचण्यांच्या नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवण्याचे नियम आता कडक झालेत, ते वाचून ये. मैत्रीण वाचून गेली, आणि आज ती कामावर आहे.

फसवणुकीबद्दल न बोलता हा विषय सोडणं बरोबर नाही. नोकरीसाठी रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागणारा माणूस भरती करणारा नसतो, त्याच्या फोटोमागे कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असो. परदेशाच्या नोकरीत तर दुप्पट सावध राहा. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं इशारा दिला होता, की थायलंडमधल्या आयटी नोकरीच्या आमिषानं तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं जातंय. परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. आणि रिक्रूटरचा मेसेज आला, की कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर ती जागा आहे का ते आधी पाहा.

ज्यांना नोकरी आहे, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या कॉलेजचा, तुमच्या गावाकडचा मुलगा किंवा मुलगी नीट, नेमका प्रश्न विचारत असेल, तर दोन ओळी तरी लिहा. 'आमच्याकडे जागा नाही, पण या कामाला जीडी अँड टी यावंच लागतं' एवढ्या उत्तरानंही (जीडी अँड टी म्हणजे भागाच्या ड्रॉइंगवर आकार आणि चालण्याजोगी तफावत दाखवायची पद्धत) त्या मुलाचे पुढचे सहा महिने योग्य कामी लागतात. मी शनिवारी सकाळी इनबॉक्स घेऊन बसते, आणि ज्यानं नेमकं विचारलंय त्याला उत्तर दिल्याशिवाय उठत नाही.