कल्ल्यातलं पाणी

पाण्यात उभी असलेली बोट मी सर्व्हेला, म्हणजे विकत घेण्याआधीच्या तपासणीला, घेत नाही, हे फोनवरच सांगून टाकलं होतं. म्हणून अमावस्येच्या सकाळी सहाला दिवाळे जेट्टीवर. अमावस्येला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळीच. खाडी पार आटली होती आणि बोट चिखलात बसली होती.

घेणारा पोरगा बेलापूरचा. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांच्या फेऱ्या मारायला सेकंडहँड फायबरची बोट घेत होता. सोबत आत्या, बाजारात मासे विकणारी. अर्धे पैसे तिचे. सौदा नऊ लाखांना ठरला होता, बयाणा तेवढा बाकी. माझ्या बारा हजारांच्या फीवर पोरगा दोन दिवस कुरकुरला होता.

मालकाने नुकताच निळाशार रंग मारला होता. जुन्या बोटीला ताजा रंग दिसला की माझा हात आधी हातोडीकडे जातो.

कागद आणि इंजिन नंबर जुळले, तळाला चार-दोन फोड होते, ते चालतात. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, ठोकत निघालो. टण, टण, टण. मागच्या फळीवर, जिथे इंजिन टांगतात, तिथे भद्द! मॉइश्चर मीटर टोकाला गेला, पण पाण्यातून आत्ताच निघालेल्या बोटीवर मी मीटरचं फार मनावर घेत नाही. मालकाला विचारून इंजिनाचा खालचा एक बोल्ट काढला.

भोकातून तपकिरी पाणी ओघळलं. कुबट वास. स्क्रूड्रायव्हर घातला तर चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा गेला.

या फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. बोल्टचं सील गेलं की पाणी आत मुरत राहतं, बाहेरून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आणि त्याच फळीवर शंभर किलोच्या वरचं इंजिन लटकतं, ढकलतं, हादरे देतं. भर खाडीत फळी फाटली असती तर बोटीत माणसं असती.

"जरा ओल धरलीय, उन्हात सुकेल," मालक म्हणाला.

आत्याने वाकून बोट लावलं, हुंगलं आणि भाच्याकडे वळली. "पापलेटच्या कल्ल्यातून लाल पाणी आलं तर मी घेते का रे?"

पोरगा चिखलाकडे बघत राहिला. फळी नवी करायला दीडेक लाख लागतील असं मी सांगितलं. मालक किंमत पन्नास हजारांपेक्षा जास्त कमी करेना. आत्याने पिशवी काखेत मारली, सौदा तिथेच मोडला.

दहाएक दिवसांनी उरणहून एकाचा फोन. बेलापूरला निळी फायबर बोट आहे, बघून द्याल का? रंगही नवा आहे म्हणे.

रिपोर्ट ज्याने पैसे मोजले त्याचा, त्यातला शब्द दुसऱ्याला सांगता येत नाही. जीभ चावली आणि विचारलं, "पौर्णिमेला सकाळी सहाला जमेल का?"