न चाखलेला रस्सा

मामांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि हळूच विचारलं, "पोरी, मीठ चाखून बघितलं न्हाईस व्हय?"

नाही बघितलं. मी मटण खात नाही, घरात वर्षातून एखाददा शिजतं. पण नवऱ्याचे कोल्हापूरचे मामा-मामी येणार म्हटल्यावर दीड किलो आणलं, आळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं काढलं, काजू-खसखस वाटली, नारळाचं दूध घातल्यावर रस्सा फाटू नये म्हणून गॅस अगदी बारीक करून तिथंच उभी राहिले. सगळं वासावर आणि अंदाजावर.

मला वाटलं आता मामा वाटी बाजूला ठेवणार. पण ते उठून थेट किचनमध्ये आले, चिमूटभर मीठ टाकलं, पळीनं ढवळून तळहातावर थेंब घेतला, चाखला, परत थोडं टाकलं आणि म्हणाले, "आता बघ, झाला. तू हाक मारायचीस की मला."

तेच दिवसभर डोक्यात आहे. पाहुण्याला कसं बोलवायचं चाखायला म्हणून मी गप्प राहिले, आणि त्यांना तर त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

स्वतः खात नसलेलं तुम्ही रांधता तेव्हा चाखायला कोणाला बोलवता?